डोंगरातील अपघात: इजा, कारणे आणि बचाव

डोंगरातील खेळ या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. रविवारचा किल्ल्यावरचा ट्रेक, दोर लावून केलेले प्रस्तरारोहण, कड्यावरून उतरण्याचे रॅपलिंग, कृत्रिम भिंतीवरचे स्पोर्ट क्लाइंबिंग, बर्फावरचे स्कीइंग आणि हिमालयातल्या महिना-दीड महिन्याच्या मोहिमा, या सगळ्यांत माणूस जायबंदी होतो तो निरनिराळ्या कारणांनी. भिंतीवर सराव करणाऱ्याची बोटे दुखावतात, ट्रेकरचा घोटा मुरगळतो किंवा गुडघा धरतो, आणि आठ हजार मीटरवरच्या गिर्यारोहकाला थकवा, थंडी आणि विरळ हवा मिळून संपवतात. म्हणून डोंगरात किती धोका असतो या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. कोणता खेळ, कोणत्या ऋतूत, कोणत्या उंचीवर आणि मदत किती तासांवर आहे, हे आधी विचारावे लागते.

धोक्यांचे दोन प्रकार मानण्याची पद्धत जुनी आहे. दरड कोसळणे, हिमप्रपात, वीज, वादळ, ओढ्याला अचानक येणारा लोंढा हे डोंगराचे धोके. चुकीचा दोर, अपुरे पाणी, उशिरा निघणे, न जमणाऱ्या वाटेचा हट्ट हे माणसाचे. कागदावर ही विभागणी सोपी दिसते, पण प्रत्यक्ष अपघातात दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावर पहिल्यांदा माणूस पोहोचला आणि त्याच दिवशी उतरताना सात जणांपैकी चौघे कड्यावरून खाली गेले. त्यांच्यातला एक नवखा घसरला, त्याने इतरांना ओढले आणि मधला दोर तुटला. तो दोर उपलब्ध दोरांपैकी बारीक आणि जुना होता. उतार डोंगराचा होता. दोराची निवड आणि नवख्याला त्या वाटेवर नेण्याचा निर्णय माणसांचा. या अपघाताला दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी आजच्या बहुतेक अपघातांच्या अहवालांत हेच तीन दुवे सापडतात: उतरणीची वेळ, अनुभवातली तफावत आणि साधनाबद्दलची बेफिकिरी.

उतरणीचा मुद्दा आकड्यांनीही पक्का झाला आहे. १९२१ ते २००६ या काळात एव्हरेस्टवर झालेल्या २१२ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ८००० मीटरच्या वर जाऊन मरण पावलेल्या ९४ जणांपैकी ५३ जण शिखरावरून परतताना गेले. चढताना गेलेले अवघे ९ होते. जे वाचले ते बहुधा सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शिखरावर पोहोचले होते, आणि जे गेले ते दुपारी एक-दोनच्या सुमारास. सह्याद्रीतल्या छोट्या ट्रेकचे गणितही वेगळे नाही. चढताना माणूस पुढे बघून हात-पाय रोवतो आणि थांबत थांबत जातो. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलत असतात, ते लवकर थकतात, गुडघ्यावरचा दाब वाढतो आणि मन घराकडे लागलेले असते. पाणी संपलेले असते, ऊन किंवा अंधार वाढत असतो. घोटा मुरगळणे, मनगट मोडणे, पाठीवर आपटणे हे सारे बहुधा या शेवटच्या टप्प्यात घडते आणि तेही अवघड जागी नव्हे, तर अवघड जागा संपल्यानंतरच्या घसाऱ्यावर.

सह्याद्रीचा दगड लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला बेसाल्ट आहे. कठीण थराखाली मऊ, लालसर, ठिसूळ थर येतो. त्यामुळे उभे कडे, मध्ये पट्ट्यासारखी सपाटी आणि पुन्हा कडा, असा इथला आकार दिसतो. प्रस्तरारोहकाला यातून दोन अडचणी येतात. हाताला घट्ट वाटलेली कपार निखळून येऊ शकते, आणि वर चाललेल्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. सुळक्याच्या पायथ्याशी उभे राहून बघणाऱ्यालाही हेल्मेट लागते, हे सांगूनही पुष्कळांना पटत नाही. वाऱ्याने हललेला दोर दगड सोडवतो, माकडेही सोडवतात. मुरमाचा घसारा तर इतका दगाबाज की त्यावर चांगल्या तळव्याचा बूटही साथ देत नाही. वाळलेले गवत त्याहून वाईट. हिवाळ्यानंतर ते उतारावर आडवे पडते आणि त्यावरून पाय सरकला तर थांबवायला हाताशी काही उरत नाही.

पावसाळ्यातले अपघात मात्र पाण्याचे. जून ते सप्टेंबर या काळात कातळावर शेवाळ धरते, दगडात कोरलेल्या पायऱ्या गुळगुळीत होतात. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांसारख्या ठिकाणी वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद जागेत अडकले की पुढच्याची घसरण मागच्या सगळ्यांची होते. तिथे खरा धोका पायऱ्यांपेक्षा गर्दीचा असतो. ओढ्याची गोष्ट आणखी वेगळी. वरचा कातळ पाणी मुरू देत नाही, मातीचा थर पातळ, उतार तीव्र. त्यामुळे पाणलोटात वर कुठे जोराचा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. गुडघ्याइतके वेगवान पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा काठावर माणसे होती, पण काही करण्याइतका वेळ नव्हता. सांधण दरीसारख्या अरुंद घळीत तर बाजूला सरकायलाही जागा नसते. पावसाळ्यात तिथे उतरणे म्हणजे पाण्याच्या वाटेत जाऊन उभे राहणे. सकाळी कोरडा ओलांडलेला ओढा संध्याकाळी अडवेल का, याचा विचार सकाळीच करावा लागतो. अडवलाच तर पलीकडे न जाता थांबणे हाच उपाय, कारण पाऊस थांबल्यावर असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधल्या दुपारी विजेच्या. उघड्या माथ्यावर, बुरुजावर किंवा एकट्या झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट. वीज अंगावर न पडताही जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने किंवा झाडावरून उडी घेऊन माणसाला लागते. म्हणून गटाने एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसायचे असते. विजेचा फटका बसलेल्यांबाबत एक नियम नेहमीच्या उलट आहे. एरवी अनेक जखमी असताना श्वास थांबलेल्याला शेवटी पाहतात. इथे त्यालाच आधी पाहायचे, कारण श्वासाची यंत्रणा तात्पुरती बंद पडलेली असते आणि वेळेवर छाती दाबून, श्वास देऊन असा माणूस परत येऊ शकतो.

मग उन्हाळा. मार्चनंतर कातळ तापतो आणि वाटेतल्या टाक्यांतले पाणी आटते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाऊन माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात असतो, आणि तेव्हा खाली न्यायच्या आधी अंग गार करणे महत्त्वाचे असते. पाणी शिंपडून वारा घालणे, काखेत व जांघेत ओला कपडा ठेवणे एवढे तरी कुठेही करता येते. फक्त पाणीच पीत राहिल्यानेही त्रास होतो. रक्तातले मीठ पातळ होऊन तीच गुंगी आणि तशीच उलटी येते.

सह्याद्रीत प्राण्यांपासूनचा सर्वांत मोठा धोका बिबट्याचा नाही, आग्या मोहोळाचा आहे. या माश्या कड्यांच्या कपारीत आणि किल्ल्यांच्या बुरुजांवर पोळी लावतात. धूर, आरडाओरड, दगड मारणे, तीव्र सुगंधी द्रव्ये यांनी त्या उठतात आणि उठल्या की लांबवर पाठलाग करतात. दोरावर लटकलेल्या प्रस्तरारोहकाला पळता येत नाही, हे या संकटाचे सर्वांत भयंकर रूप. हात हलवून हाकलण्यापेक्षा तोंड-डोके झाकून तिथून निघून जाणे, अंगातल्या नांग्या लगेच काढून टाकणे आणि अंगभर गांधी उठून श्वास अडू लागला तर मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन देणे, हा त्याचा उपचार. सापांमध्ये फुरसे दगडांत असते, तर चापडा झुडपांत, हाताच्या उंचीवर. चढताना कारवीला धरायला गेलेला हात त्याच्यावर पडतो. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनते, चापड्यासाठी नाही. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे या जुन्या उपायांनी नुकसानच होते. अवयव न हलवता रुग्णाला उचलून नेणे एवढेच वाटेत करण्यासारखे असते. विंचवाबाबत मात्र महाराष्ट्राने जगाला काही दिले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसांत पाणी होऊन तरुण माणसे आणि मुले दगावत. रायगडाच्या पायथ्याजवळ महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा त्यावर वापर रूढ केला आणि मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणले. रात्री किल्ल्यावर मुक्काम करणाऱ्याने बूट झटकून घालावेत ही सूचना किरकोळ वाटते. महाडच्या अनुभवानंतर ती तशी राहत नाही.

दोरावरच्या खेळांत यंत्रणाच इतकी असते की निष्काळजीपणाला जागा भरपूर मिळते. चढणारा पडला की तो किती उंचीवरून पडला यापेक्षा किती लांबीच्या दोरावर पडला हे महत्त्वाचे. पडण्याची उंची भागिले दोराची लांबी म्हणजे पतनांक. साध्या चढाईत तो जास्तीत जास्त दोन असतो. चढाईच्या सुरुवातीला, थोडाच दोर सुटलेला असताना पडणे म्हणूनच सर्वांत कठोर. लवचीक दोर हा धक्का शोषतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या चाचणीत ८० किलोचे वजन जवळजवळ १.८ पतनांकाने पाडले असता एकेरी दोराने दिलेला धक्का १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. रॅपलिंगसाठी वापरायचा कमी ताणाचा दोर असा धक्का शोषत नाही. त्यावर पुढारी म्हणून चढणे धोक्याचे असते. आणि कोणताही दोर, कितीही नवा असला, तरी बेसाल्टच्या धारदार कडेवर ताणून घासला गेला तर कापला जातो. कड्याच्या ओठावर जाड कापड किंवा पट्टा घालायला एक मिनिट लागते.

रॅपलिंग चढाईपेक्षा सोपे समजले जाते. महाराष्ट्रात तर डोंगर न चढलेल्या शेकडो लोकांना पावसाळ्यात धबधब्यातून दोरावर उतरवले जाते. या प्रकारातले अपघात प्रस्तरारोहणाहून वेगळे असतात. इथे माणूस पूर्ण भार एकाच दोरावर, एकाच टेकूवर देतो. टेकू सुटला, दोराच्या टोकाला गाठ नसल्याने टोक संपले, कॅरॅबिनर बंद झाला नव्हता, केस किंवा कपडा उतरण्याच्या साधनात अडकला, अशी कारणे पुन्हा पुन्हा येतात. सह्याद्रीतले खडकात ठोकलेले जुने बोल्ट आणि मेखा हा आणखी एक प्रश्न. चार महिने पाऊस खाऊन बाहेरून ठीक दिसणारा बोल्ट आतून गंजलेला असू शकतो, आणि तो कोणी, केव्हा ठोकला याची नोंद क्वचितच असते. अनुभव यापासून पूर्ण संरक्षण देत नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा कड्यावरून पडून मृत्यू झाला. सह्याद्रीतल्या किती तरी पिढ्यांना वाटा दाखवणारा माणूस अशा रीतीने गेला, याने महाराष्ट्रातले सगळे गिर्यारोहण हादरले. कड्याच्या काठावर काम करणाऱ्याने, तो आयोजक असला, दोर लावणारा असला, तरी स्वतःला आधी बांधून घ्यावे, या साध्या नियमाकडे त्यानंतर पुन्हा लक्ष गेले.

भिंतीवर चढणाऱ्यांच्या दुखापती जिवावरच्या नसतात, पण चिवट असतात. बोटे वाकवून बारीक धारेवर लोंबकळताना बोटाच्या आतल्या बाजूच्या स्नायुबंधांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्यांवर टोकावरच्या भाराच्या कित्येक पट ताण येतो आणि एखादे कडे तुटते. बहुधा हे अनामिकेला किंवा मधल्या बोटाला होते, कधी तुटल्याचा आवाजही येतो. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये त्याऐवजी बोटाच्या हाडाच्या वाढीच्या भागाला भेग पडते. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आल्यापासून लहान वयात जोरदार सराव सुरू होतो, तेव्हा प्रशिक्षकांनी मुलांच्या बोटांच्या दुखण्याला स्नायूचे दुखणे समजून सोडून देऊ नये.

स्कीइंगमध्ये झालेला बदल उत्साह वाढवणारा आहे. पूर्वी पडताना बूट स्कीला घट्ट अडकलेला राही आणि नडगीचे हाड मोडे. ठरावीक ताणाला सुटणारी बंधने आल्यावर ते अपघात फार कमी झाले. गुडघ्याच्या मधल्या बंधाच्या इजा मात्र राहिल्या, कारण तिथे पिळाचा जोर बंधन सुटण्याआधीच लागतो. गुलमर्ग आणि औलीला जाणाऱ्या हौशी पर्यटकांना अंगठ्याच्या मुळाशी होणारी इजाही ओळखीची असते. हातात काठी धरून पडले की ती होते.

उंचीचा प्रश्न महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्यांना विशेष भेडसावतो. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. उंचीचे आजार साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतात. म्हणजे सह्याद्रीत कितीही फिरले तरी शरीराला या गोष्टीचा सराव होत नाही, आणि तंदुरुस्ती इथे काही वाचवत नाही. उलट तंदुरुस्त तरुण वेगाने वर जातात आणि आधी आजारी पडतात. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही सौम्य लक्षणे. तिथेच न थांबता वर गेल्यास फुप्फुसांत पाणी होते किंवा मेंदूला सूज येते. पहिल्यात बसल्या जागी धाप, खोकला आणि शेवटी गुलाबी फेस. दुसऱ्यात तोल जाणे आणि वागण्यात बदल. सरळ रेषेत टाच-चवडा लावून चालता येते का, हे बघणे एवढी साधी चाचणी त्यासाठी पुरते.

या विषयात भारतीय लष्कराचे काम जगभर मूलभूत मानले जाते. १९६२ च्या चीन युद्धात मैदानातले सैनिक थेट उंचीवर नेले गेले आणि लढाईशिवाय मोठ्या संख्येने आजारी पडले. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९२५ सैनिकांच्या आजाराचे वर्णन १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले. पुढे १९७६ मध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे येथे केलेली २७८ पदभ्रमण करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ५३ टक्के लोकांना उंचीचा त्रास होता, आणि विमानाने लुक्लाला उतरलेल्यांमध्ये चालत आलेल्यांपेक्षा जास्त. आज मुंबई-पुण्याहून निघून त्याच दिवशी ३५०० मीटरवरच्या लेहला उतरणारा पर्यटक हाच प्रयोग स्वतःवर करत असतो. पहिले दोन दिवस विश्रांती, ३००० मीटरनंतर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त न वाढवणे आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम, हा नियम कंटाळवाणा आहे आणि तोच काम करतो. अ‍ॅसेटाझोलामाइडने सवय लवकर लागते, पण आजार झाल्यावर खरा उपाय खाली उतरणे हाच. रात्र आहे, वाट खराब आहे, गटाचे नियोजन बिघडेल, ही कारणे मेंदूला सूज आलेल्या माणसाच्या बाबतीत ऐकू नयेत. हवा भरून दाब वाढवणारी पिशवी काही तास मिळवून देते, तेवढ्यात खाली नेण्याची तयारी करायची.

थंडीचे दोन परिणाम. हिमदंशात बोटांतले रक्ताभिसरण थांबते आणि पेशी गोठतात. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णा सर करून उतरताना मॉरिस हेरझॉग यांचे हातमोजे निसटले. पुढे त्यांना हातापायांची बोटे गमवावी लागली. गोठलेला अवयव बर्फाने चोळू नये, शेकोटीवर धरू नये. ३७ ते ३९ अंश पाण्यात बुडवावा, आणि तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूच नये. कोणता भाग मेला आहे हे ठरायला आठवडे लागतात, म्हणून घाईने कापत नाहीत. शामोनी येथील डॉक्टरांनी २०११ मध्ये इलोप्रोस्ट या औषधाचे परिणाम दाखवले. लवकर मिळाल्यास ते बोटे वाचवू शकते. दुसरा परिणाम शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली जाणे. त्यासाठी बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, वारा आणि थकवा एवढे बस आहे, आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर रात्र काढणाऱ्यांनाही ते होऊ शकते. अशा रुग्णाला आडवे आणि हळुवार हलवावे, कारण गार पडलेले हृदय धक्क्याने बिघडते. १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना बर्फाखालच्या प्रवाहात अडकलेल्या ॲना बोगेनहोल्म यांचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते आणि तरी त्या वाचल्या. गार पडलेल्या माणसाला गरम केल्याशिवाय मृत मानू नये, हा जगभर पाळला जाणारा नियम अशा घटनांनी पक्का झाला.

हिमप्रपातात वेळ मिनिटांनी मोजायचा असतो. गाडलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहापैकी नऊहून अधिक जगतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण एकतृतीयांशाजवळ येते. म्हणजे वाचवणारे सोबतचेच असतात, हेलिकॉप्टर नाही. त्यासाठी प्रत्येकाकडे शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर द्रौपदी का दांडा–२ शिखराजवळ हिमप्रपात कोसळला. २७ मृतदेह सापडले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेल्या सविता कंसवाल होत्या. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमधबधब्यात १६ नेपाळी कामगार गेले. मोहिमांचे दोर आणि सामान वाहणारी ही माणसे त्या वाटेवरून पुन्हा पुन्हा जातात. म्हणूनच शेर्पांचे मृत्यू शिखराजवळ नव्हे, तर खालच्या टप्प्यांत जास्त होतात. शिखर सर केल्याच्या बातमीत ही विषमता दिसत नाही.

मग इतकी माहिती असून माणसे चुकतात कशी? अमेरिकेतल्या ७१५ हिमप्रपात अपघातांचा अभ्यास करून इयन मॅककॅमन यांनी दाखवले की प्रशिक्षित लोकही ओळखीची जागा, ठरवलेले ध्येय, पुढाऱ्यावरचा विश्वास आणि इतरांच्या उमटलेल्या पाऊलखुणा यांच्या भरवशावर डोळ्यांसमोरची धोक्याची चिन्हे बाजूला सारतात. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर ठरलेली परतण्याची वेळ उलटून गेल्यावरही चढाई चालू राहिली आणि वादळात आठ जण गेले. त्यांतले तिघे उत्तर बाजूने चढणारे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे होते. २०१९ च्या वसंतात एव्हरेस्टवर ११ जण दगावले, त्यांत महाराष्ट्रातले दोघे होते. चांगल्या हवामानाच्या मोजक्या दिवसांत शिखराच्या दोरावर लागलेली रांग त्या वर्षी जगाने पाहिली. सह्याद्रीत ही प्रवृत्ती वेगळ्या रूपात दिसते. पैसे भरलेले आहेत, बस ठरलेली आहे, पन्नास जणांत पुढारी एक किंवा दोन. मग पाऊस वाढला तरी ट्रेक रद्द करणे आयोजकाला परवडत नाही आणि सहभागी विचारत नाहीत. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल वाटेवर बहुतेक कर्नाटकातल्या २२ जणांच्या गटाला बर्फाच्या वादळाने गाठले आणि नऊ जण मृत्यू पावले. ती प्रस्तरारोहणाची नव्हे, पायी चालण्याची वाट होती.

अपघातानंतरचा निकाल बहुतेक वेळा बचावाच्या वेळेवर ठरतो. महाराष्ट्रात हे काम सरकारी यंत्रणेआधी डोंगरातल्या स्वयंसेवकांच्या हाती असते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स यांच्यासारख्या संस्था आणि अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचे बचाव समन्वय केंद्र रात्री-अपरात्री, भर पावसात स्ट्रेचर घेऊन निघतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून अनेक जण गेले, तेव्हा खोल दरीतून मृतदेह वर आणण्यात ट्रेकर्सच पुढे होते. वाडीतल्या लोकांची झोळी ही तर त्याहूनही जुनी व्यवस्था. जखमीला हलवण्याआधी मान आणि पाठ स्थिर करणे, वाहते रक्त दाबून थांबवणे, मोडलेल्या अवयवाला काठीचा आधार देणे आणि त्याला जमिनीच्या गारव्यापासून वेगळे ठेवणे, एवढे पहिल्या तासात सोबत्यांनाच करायचे असते. हार्नेसमध्ये निपचित लटकणारा माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो, म्हणून त्याला लवकर खाली आणावे. त्याला आडवे झोपवू नये ही जुनी समजूत मात्र आता चुकीची ठरली असून, आडवे झोपवून नेहमीचा प्रथमोपचार द्यावा असे आंतरराष्ट्रीय बचाव संघटना सांगते.

नियमनाबाबत महाराष्ट्राचा प्रवास न्यायालयातून झाला. मुलाला साहस सहलीत गमावलेल्या पालकांच्या याचिकेतून सरकारवर नियम करण्याची जबाबदारी आली आणि २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. त्यात आयोजकांची नोंदणी, पात्र प्रशिक्षक आणि प्रथमोपचार यांवर भर आहे. दुसरीकडे अपघात झाला की धबधबे आणि किल्ले काही आठवड्यांसाठी बंद करणे हा प्रशासनाचा सवयीचा उपाय. बंदीने गर्दी दुसऱ्या धबधब्यावर सरकते; नोंदणीकृत पुढारी आणि गटाच्या आकाराची मर्यादा यांचा उपयोग जास्त टिकतो.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे अपघातांची प्रामाणिक नोंद. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दर वर्षी उत्तर अमेरिकेतल्या गिर्यारोहण अपघातांचे विश्लेषण प्रसिद्ध करतो. एलिझाबेथ हॉली यांनी काठमांडूत बसून दशकानुदशके प्रत्येक मोहिमेच्या नेत्याला प्रश्न विचारले आणि त्यातून हिमालयन डेटाबेस उभा राहिला. एव्हरेस्टवरच्या मृत्यूंबद्दलचे किती तरी अभ्यास त्या नोंदींवर उभे आहेत. चांगल्या नोंदीत दोष कोणाचा याआधी वेळ, जागा, उतार, हवामान, गटातली माणसे, त्यांचा अनुभव, दोर-बोल्टची स्थिती, पहिला फोन केव्हा गेला आणि मदत केव्हा पोहोचली हे लिहिलेले असते, आणि अपघात होता होता टळलेल्या घटनाही त्यात येतात. सह्याद्रीतल्या बचाव पथकांकडे असा अनुभव मोठा आहे; तो एकसारख्या नमुन्यात लिहिला गेला तर कोणत्या घाटात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी माणसे पडतात हे पुढच्या आयोजकाला मोहीम आखतानाच समजेल.